टोचलेल्या कोंबडीला आधी नजरेआड करा

घरच्या कोंबड्या एकमेकींना रक्त निघेपर्यंत टोचतात, हे ज्याने कोंबड्या पाळल्या नाहीत त्याला सांगून पटत नाही. पाळणाऱ्यालाही ते लक्षात येईपर्यंत बऱ्याचदा उशीर होतो, कारण कोंबडी दुखणं लपवते. चारचौघींत उभी राहून दाणे टिपत असल्यासारखं करते, आणि पिसं बाजूला केल्याशिवाय खाली काय झालंय ते कळत नाही.

अमळनेर तालुक्यातल्या आमच्या घरामागे गावठी कोंबड्या सासूबाईंच्याही आधीपासून आहेत. त्यांच्यात किरकोळ चोचाचोची नेहमीचीच. खरं रक्त मात्र मी पाहिलं ते एका मे महिन्यात. आठवडे बाजारातून आलेल्या तांबड्या तलंगा जुन्या कोंबड्यांत थेट सोडल्या गेल्या होत्या. वर पत्रा, बाहेर पंचेचाळिशीची दुपार, पाण्याचं भांडं एक आणि सावलीचा तुकडाही एकच. त्यातली एक तलंग पाण्यापाशी यायची आणि मान खाली घालायच्या आत मागे सरकायची. तिला उचलून पाहिलं तर शेपटीच्या बुडाशी, कोंबडी चोचीने तेल काढून पिसांना लावते त्या गाठीभोवती, पिसं साफ गेलेली. कातडी रुपयाएवढी उघडी, कडा काळपट वाळलेल्या आणि मधे ओलं लाल मांस. तुटलेल्या दोन पिसांच्या नळ्या अजून रक्ताने भरलेल्या होत्या. मी तिला छातीशी धरलेलं असतानाही थोरली कोंबडी खालून उडी घेऊन नेमकी त्या लाल जागेवर चोच मारायला बघत होती.

म्हणून कोणी विचारायला आलं की मी औषधाचं नाव नंतर सांगते. आधी त्या कोंबडीला बाकीच्यांच्या नजरेआड करा. ओलं लाल दिसलं की जिचं तिच्याशी काहीही भांडण नाही अशी कोंबडीही येऊन टोचते, आणि एकीचं बघून दुसरी शिकते. जखमेला हळद भरून कोंबडी त्याच खुराड्यात सोडली तर सकाळी ती जिवंत दिसेल याची खात्री नाही. साक्रीकडच्या माझ्या माहेरी आई एवढंच म्हणायची, "तिले येगळी ठेव माय, बाकीनं मंग देखू." त्यात सगळं आलं.

वेगळी म्हणजे कुठे? पुठ्ठ्याचं मोठं खोकं, नाहीतर डालं. खाली कोरडं गोणपाट किंवा स्वच्छ कापड घाला. भुसा नको, तो जखमेला चिकटतो. अर्ध्या बाजूवर कापड टाकून अंधार करा; अंधारात कोंबडी शांत होते आणि धडपडून जखम वाढवत नाही. कोंबडीच्या अंगाची ऊब ४१ अंशांच्या आसपास असते. घाबरून पाय गार पडले असतील तर आधी तिला ऊब द्या, जखम अर्ध्या तासाने धुतली तरी चालेल. खानदेशातल्या थंडीत शेजारी गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवावी लागते. उन्हाळ्यात याच्या उलट, वारा लागेल अशी सावली हवी. बंद खोक्यात मे महिन्याच्या दुपारी कोंबडी जखमेने मरण्याआधी उकाड्याने मरेल.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ सुती कापड दाबून धरा आणि थांबलं का हे बघायला सारखं उचलू नका. नख मोडलं, तुऱ्याला चोच लागली, अशा किरकोळ रक्ताला चिमूटभर हळद किंवा मक्याचं पीठ दाबलं की पुरतं. खोल जखमेत मात्र हळद ठासू नये; वर खपली धरते आणि खाली घाण राहते. जखम मिठाच्या पाण्याने धुवा. एक लिटर पाणी उकळून गार करायचं आणि त्यात चहाच्या चमच्याने सपाट दीड चमचा मीठ. सुईविना सिरिंजने हळू धार सोडली की अडकलेली माती, पिसं निघून येतात. मग पोव्हिडोन आयोडीन फिकट तपकिरी होईल इतकं पातळ करून लावा. आजूबाजूची पिसं जखमेत जात असतील तर कात्रीने आखूड करा, पण रक्त भरलेल्या नळीचं पीस कापू नका.

गावात कोणी तंबाखूचा चुना सुचवतं, कोणी रॉकेल, कोणी ट्रॅक्टरचं जळकं ऑइल. यातलं काहीही लावू नका. कातडी जळते, आणि कोंबडी ते चोचीने टिपून पोटातही घेते. माणसांसाठीचं बधिर करणारं मलमही पक्ष्याला सोसत नाही.

जखम दिसायला भयंकर असली तरी धीर सोडू नका. पाठीची बरीच कातडी सोललेली कोंबडीही, स्वच्छता राखली आणि माशी बसू दिली नाही, तर आतून भरत येते. घरी टाके घालायच्या फंदात पडू नये. घाण आत कोंडते. डॉक्टर लगेच लागतो तो तीन वेळा. कुत्रा, मांजर किंवा मुंगसाचा दात लागलेला असला तर, कारण वरून बारीक भोक दिसतं आणि घाण खोलवर जाते. श्वासाबरोबर जखमेतून बुडबुडे येत असतील तर. आणि अंडं येण्याच्या जागेतून अंग बाहेर आलं असेल तर. हे शेवटचं पहिलटकर तलंगेला होतं. लाल अंग बाहेर दिसताच बाकीच्या त्यावर तुटून पडतात आणि आतडी ओढून काढतात. अशी कोंबडी दिसली की हातातलं काम टाकून आधी ती उचला.

पावसाळ्यात सगळ्यात मोठा वैरी माशी. तिच्या अंड्यांतून दिवसाभरात अळ्या निघू शकतात, म्हणून जखम सकाळ-संध्याकाळ पिसं बाजूला करून, वास घेऊन तपासायची. अळ्या दिसल्या तर मिठाच्या पाण्याने धुऊन चिमट्याने एकेक काढा. गुरांच्या जखमेत घालतात ते टर्पेंटाइन इथे नको. अँटिबायोटिकही मेडिकलमधून आपल्या मनाने आणू नका. डॉक्टरांनी दिलं तर अंडी किती दिवस खायची नाहीत हे तिथेच विचारून घ्या. कोलिस्टिन नावाचं औषध कोंबड्यांना सर्रास दिलं जायचं. माणसांसाठी ते शेवटचा आधार म्हणून राखायचं असल्याने २०१९ मध्ये केंद्र सरकारने अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत त्याच्यावर बंदी घातली. परसातल्या चार कोंबड्यांनाही हा नियम तितकाच लागू आहे.

पाणी चोच उघडून घशात ओतू नका. जिभेच्या बुडाशीच श्वासनळीचं तोंड असतं, पाणी सरळ छातीत जातं. चोचीचं टोक पाण्यात बुडवा, ती स्वतः पिते. पहिल्या दिवशी पाण्यात थोडा गूळ चालतो. खायला भिजवलेली बाजरी, उकडलेलं अंडं कुस्करून, थोडी शेंगदाण्याची पेंड. पेंडीला बुरशीचा वास येत असेल तर ती फेका. आणि आपल्याकडे घरोघरी सरकीची पेंड असते म्हणून ती कोंबडीला घालू नका. गाय-म्हैस मोठी झाल्यावर ती पचवते, पण सरकीतलं गॉसिपॉल कोंबडीला बाधतं. पिवळा बलक हिरवट-तपकिरी होतो, पांढरा गुलाबी पडू शकतो, आणि लोकांना वाटतं अंडं नासलं.

इथवर जमलं तर कोंबडी वाचते. अवघड काम पुढे आहे, आणि पुष्कळ जण तिथेच हरतात. जिने टोचलं ती आणि जिथे टोचलं ते खुराडं दोन्ही जसंच्या तसं असतं.

कोंबड्यांमध्ये मान ठरलेला असतो. कोण आधी दाणा खाणार, कोण दांडीवर वर बसणार, कोणी कोणाला वाट द्यायची, हे सगळं चोचीने ठरतं आणि एकदा ठरलं की शांतता राहते. नॉर्वेच्या थोर्लाइफ श्येल्डरूप-एब्बे यांनी पोरवयापासून कोंबड्या न्याहाळून १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला हे पहिल्यांदा शास्त्राच्या भाषेत मांडलं. नवीन कोंबडी आत आली, जुनी गेली, की सगळा मान नव्याने ठरवावा लागतो. ही चोच डोक्यावर, तुऱ्यावर बसते आणि हरलेली पळून गेली की संपते. पळायला जागाच नसली तर संपत नाही.

शेपटीकडची, पाठीवरची पिसं उपटून खाणं हा वेगळा रोग आहे, आणि त्याला दांडगाई म्हणून हाकलून उपयोग नाही. पोट नीट भरलेलं नसतं. नुसती ज्वारी, बाजरी आणि तांदळाची कणी घातली तर प्रथिनं कमी पडतात, मीठही. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात सोळा टक्क्यांच्या आसपास प्रथिनं लागतात. घरचं खाद्य करत असाल तर किलोमागे तीन ग्रॅम मीठ पुरे. विकतच्या खाद्यात ते असतंच, वर घालू नका, जास्त मीठ जीवघेणं. उन्हाळ्यात धाप लागलेली कोंबडी खाणंच कमी करते, म्हणजे प्रथिनं आणखी घटतात, आणि त्याच वेळी सगळ्या एका सावलीत दाटून बसतात. जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात म्हणूनच टोचण्याला ऊत येतो. आम्ही खाद्य पहाटे आणि दिवस कलल्यावर घालतो, पत्र्यावर पऱ्हाट्या आणि केळीची वाळलेली पानं टाकतो, दारावर ओलं गोणपाट सोडतो. त्याने उकाडा कमी होतो आणि फटीतून येणारं झगझगीत ऊनही अडतं, कारण लख्ख उजेडात लाल जास्त दिसतं.

रात्री बॅटरी घेऊन दांडीच्या सांध्यांतही बघा. गोचिडी आणि लाल कीड दिवसा फटीत लपते आणि रात्री रक्त पिते. खाजेने हैराण झालेली कोंबडी स्वतःची नाही तर शेजारणीची पिसं उपटते. राख मिसळलेल्या कोरड्या मातीचा खड्डा करून द्या, त्यात लोळून त्या अंग साफ करतात.

कोंबडी परत सोडायची ती नवी कातडी धरून लाल रंग गेल्यावरच. तोवरही तिला अगदी परकी करू नका, नाहीतर कळप तिला नवखी समजतो. माशी बसणार नाही इतकी जखम सुकली की जाळीचं डालं अंगणात, सगळ्यांना दिसेल पण चोच पोचणार नाही असं ठेवायचं. मग एखाद्या गरीब स्वभावाच्या कोंबडीला तिच्या सोबतीला द्यायचं. दोघी मिळून, मोकळ्या अंगणात, दिवस मावळायच्या थोडं आधी सोडायच्या. खुराड्यात नाही. थोड्या वेळात अंधार पडतो आणि भांडण आपोआप आवरतं. पहाटे मात्र तिथे हजर राहायलाच हवं.

त्याआधी अंगणात खाद्याची आणि पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी मांडा, एकापासून दुसरं दिसणार नाही अशी. कोपऱ्यात पऱ्हाट्यांचा ढीग ठेवा. हरलेली कोंबडी त्यात शिरते, आणि थोरलीला तिथे शिरायचा कंटाळा येतो. मेथीची जुडी किंवा कोबीचा गड्डा मानेच्या उंचीवर टांगला की चोचींना दुसरा उद्योग मिळतो. एवढं करूनही एकच कोंबडी पाठ सोडत नसेल तर जखमीला पुन्हा काढू नका, त्या दांडगीला काढा. तीन-चार दिवस वेगळी ठेवून परत आणली की ती स्वतःच नवखी ठरते आणि तिचा ताठा बराच उतरतो. आमच्या थोरलीला हाच उपाय लागू पडला. चोच कापायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. चोचीत जीव असतो, कापल्यावर तिला दुखतं, आणि परसातल्या कळपाला त्याची गरज नसते.

कोंबड्याकडेही बघा. पाठीची आणि पंखाखालची जखम पुष्कळदा त्याच्या पायामागच्या टोकदार नखीची असते. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरे. दोन असले तर एकाला बाजूला काढा आणि फाटलेल्या पाठीच्या कोंबड्या जखम भरून येईपर्यंत कोंबड्यापासून दूर ठेवा.

शेवटचं, पण विसरू नये असं. तुऱ्यावर, डोळ्याभोवती, चोचीच्या कडेला खरखरीत काळ्या खपल्या असतील तर त्या टोचल्याच्या नसून देवीच्या असू शकतात. ती साथ डासांमुळेही पसरते, आणि लस निरोगी पिल्लांना आधीच द्यावी लागते. मान वळली, हिरवी पातळ हगवण लागली तर राणीखेत, आपल्याकडची मानमोडी. आणि जखमेशिवाय एकामागून एक कोंबड्या मरायला लागल्या तर हात लावू नका. भारतात बर्ड फ्लूची पहिली नोंद फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच खानदेशात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला झाली आणि लाखो पक्षी मारावे लागले. २०२१ मध्ये तिथेच पुन्हा तो आला. अशा वेळी मेलेली कोंबडी उकिरड्यावर किंवा नाल्यात टाकू नका, उरलेल्या बाजारात नेऊ नका, मुलांना लांब ठेवा आणि गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा १९६२ या क्रमांकावर त्याच दिवशी कळवा.