अ‍ॅपची परीक्षा आपण घेऊ

ताईंनो, एचआयव्हीची माहिती देणारं अ‍ॅप गटात सांगण्याआधी तपासून बघा. पाच जणींना एकेकीला फोन द्या. "जवळचं तपासणी केंद्र शोध" एवढंच सांगा आणि गप्प बसा. बोट कुठे थांबलं, कोणता शब्द कळला नाही, ते वहीत लिहा. ती अडली तर चूक तिची नाही, अ‍ॅपची. धडगाव-अक्कलकुव्यात घरात पावरी, भिली बोलतात. पुस्तकी मराठी अडणारच.

शिवाय फोन बहुधा घरात एकच. अ‍ॅपचा मेसेज वर दिसला की गोष्ट घरभर. असं अ‍ॅप नको. त्यापेक्षा १०९७ नंबर पाठ करा. फोन मोफत लागतो. बोलून झालं की नंबर पुसा. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात तपासणीही मोफत, आणि २०१७ च्या कायद्याने ती गुप्त ठेवावीच लागते.