स्नायूंची वाढ आणि पूरक आहार

आखाड्यातील मल्ल दंड-बैठका काढून दूध, तूप आणि बदाम यांच्या खुराकावर शरीर कमावीत असत. आज व्यायामशाळेत जाणाऱ्या तरुणापुढे प्रथिनांच्या भुकटीचा डबा येतो. तो घ्यावा की न घ्यावा, हे ठरविण्यापूर्वी स्नायू कसा वाढतो हे पाहिले पाहिजे.

स्नायू वाढतो तो प्रामुख्याने भारामुळे. वजन उचलताना स्नायुतंतूंवर ताण पडला, की त्यांत नवी प्रथिने घडविण्याची क्रिया वेग घेते आणि ती पुढे दिवसभर किंवा त्याहूनही अधिक काळ चालू राहते. ह्या घडणीला लागणारी ॲमिनो आम्ले अन्नातील प्रथिनांपासून मिळतात. गरजेपेक्षा अधिक प्रथिने खाल्ली म्हणून अधिक स्नायू तयार होत नाहीत. जादा प्रथिनांतील नायट्रोजन मुख्यतः युरियाच्या रूपाने मूत्रावाटे बाहेर पडतो. उरलेला भाग इंधन म्हणून जळतो किंवा त्याची चरबी होते.

मग गरज किती? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोग्रॅममागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात. म्हणजे ६० किलोग्रॅम वजनाच्या व्यक्तीला सुमारे ५० ग्रॅम. नियमितपणे वजने उचलणाऱ्यास सुमारे १.६ ग्रॅमपर्यंत, म्हणजे ९६ ग्रॅमपर्यंत, लाभ होऊ शकतो. त्यापुढे सहसा विशेष फरक पडत नाही.

एवढी प्रथिने घरच्या अन्नातून मिळू शकतात. ३०० ग्रॅम कणकेतून सुमारे ३२ ग्रॅम, ७५ ग्रॅम डाळीतून १६, अर्धा लिटर दुधातून १६, ५० ग्रॅम शेंगदाण्यांतून १२ आणि तीन अंड्यांतून १९ ग्रॅम, अशी बेरीज ९५ होते. अंडी न खाणाऱ्यास ५० ग्रॅम सोयाबीन जवळजवळ तेवढीच प्रथिने देते. धान्य आणि डाळ एकत्र खाल्ल्याने एकाच्या ॲमिनो आम्लांतील उणीव दुसरे भरून काढते.

डब्यातील भुकटी बहुधा दुधापासूनच केलेली असते. चीज तयार करताना उरणाऱ्या पाण्यातील प्रथिने वेगळी करून ती वाळवितात. शुद्ध असेल तर ती विष नव्हे आणि जादूही नव्हे. ते एक महाग अन्न आहे. ज्याला पुरेसे जेवण जमत नाही, त्याला तिची सोय होईल. तथापि हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत शरीर कमावण्यासाठी प्रथिन-पूरके टाळावीत, असाच सल्ला दिला आहे.

क्रिएटिनची गोष्ट थोडी वेगळी आहे. हा पदार्थ शरीर स्वतः तयार करते. मांस आणि मासे यांतूनही तो मिळतो. रोज ३ ते ५ ग्रॅम घेतल्यास थोड्या वेळाच्या जोरकस श्रमांची क्षमता काहीशी वाढते, हे प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. मात्र सुरुवातीला वाढणारे वजन बरेचसे पाण्याचे असते. शिवाय रक्तातील क्रिएटिनिनचे प्रमाण वाढून मूत्रपिंडाच्या तपासणीचा अर्थ चुकीचा लावला जाऊ शकतो. म्हणून डॉक्टरांना त्याची कल्पना द्यावी.

खरा धोका असतो तो डब्यावर न लिहिलेल्या पदार्थांचा. भारतात २०१६ च्या नियमांनी पूरक आहारात संप्रेरके व स्टेरॉइडे घालण्यास मनाई केली आहे. तरीही जगभरच्या तपासण्यांत काही पूरकांत असे पदार्थ लपविलेले आढळले आहेत. पुरुषांत त्यांच्यामुळे शरीराची स्वतःची टेस्टोस्टेरॉननिर्मिती मंदावते, वंध्यत्व येऊ शकते, यकृत व हृदय यांना इजा होते. वाढत्या वयाच्या मुलांची उंची खुंटू शकते. स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूच्या शरीरात निषिद्ध द्रव्य सापडले, तर ते कोठून आले हे माहीत नव्हते, एवढ्याने त्याची सुटका होत नाही.

म्हणून निर्णयाचा क्रम असा असावा. प्रथम काही महिने नियमित व्यायाम, पुरेशी झोप आणि रोजच्या प्रथिनांचा हिशेब. हिशेबात तूट आढळली, तर ती आधी अन्नाने भरून काढावी. तेही शक्य नसेल, तरच परवाना क्रमांक आणि घटकांची यादी स्पष्ट छापलेली साधी भुकटी विचारात घ्यावी. अठरा वर्षांखालील मुलांनी आणि मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्यावाचून ती घेऊ नये. थोड्या आठवड्यांत शरीर पालटून देण्याचे वचन देणारा डबा मात्र कोणीही घरी आणू नये. स्नायू इतक्या त्वरेने वाढत नाही, आणि वाढलाच तर त्या डब्यात काय आहे ह्याची शंका घ्यावी.