प्लॅस्टिकमधून वीज कशी वाहते?

न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी विज्ञानावर एखादा सोपा लेख लिहावा, असे चिटणीसांनी सुचविले, तेव्हा विषय कोणता घ्यावा असा प्रश्न मला पडला नाही. एका विषयाचे कर्ज माझ्यावर आहे. ते येथे फेडावे म्हणतो.

नऊ-दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. इयत्ता नववीच्या चाचणीत मी प्रश्न घातला होता : विजेच्या तारेवर प्लॅस्टिकचे वेष्टण का असते? येथल्या विद्यानगरातल्याच एका मुलीने योग्य उत्तर लिहून शेवटी एक वाक्य जोडले होते, "परंतु सर्वच प्लॅस्टिके दुर्वाहक नसतात." मी त्या वाक्यावर लाल रेघ ओढली आणि एक गुण कापला. ती म्हणाली, "सर, माझा भाऊ उस्मानियात शिकतो, त्याने सांगितले." मी म्हणालो, "पुस्तकात आहे तेवढेच लिहावे." त्यानंतर वर्षभर त्या मुलीने वर्गात हात वर केला नाही.

चूक माझी होती. कशी, ते आता पायरीपायरीने पाहू.

वीज वाहण्यास काय लागते?

पदार्थातून वीज वाहते म्हणजे त्यातून विद्युत्भार सरकतो. त्यासाठी दोन गोष्टी लागतात. एक, भार वाहून नेणारे वाहक पुरेसे हवेत. दुसरी, त्या वाहकांना चपळाईने पुढे जाता यावे अशी वाट हवी. पदार्थाची संवाहकता म्हणजे या दोहोंचा गुणाकार होय. एक जरी शून्य झाले तरी गुणाकार शून्य. विद्यार्थ्यांनी एवढे एक सूत्र ध्यानात ठेवले तर पुढचे सारे सोपे आहे.

तांब्यात मोकळे इलेक्ट्रॉन विपुल असतात, म्हणून ते सुवाहक. प्लॅस्टिकची गोष्ट निराळी. प्लॅस्टिक हे बहुवारिक असते, म्हणजे एकाच तऱ्हेचे लहान रेणू माळेतल्या मण्यांप्रमाणे जोडून झालेली लांब साखळी. कार्बनच्या अणूला चार हात असतात असे आपण शिकवितो. आपल्या बादलीच्या पॉलिएथिलिनमध्ये हे चारही हात शेजाऱ्यांना धरण्यात गुंतलेले असतात. इलेक्ट्रॉनला हलण्यास वाव नाही.

परंतु काही बहुवारिकांत कार्बन तीनच हातांनी शेजाऱ्यांना धरतो आणि चौथा हात कधी या बाजूच्या, कधी त्या बाजूच्या शेजाऱ्याशी वाटून घेतो. मग साखळीत एकबंध, द्विबंध, एकबंध, द्विबंध असा क्रम लागतो. चौथ्या हाताचे इलेक्ट्रॉन साखळीच्या लांबीवर पसरू शकतात. वाट तयार झाली. अशा बहुवारिकांना सेंद्रिय अर्धसंवाहक म्हणतात.

आयोडीनची गोष्ट

वाट झाली तरी वीज फारशी वाहत नाही. का? पंगत म्हणा वा दस्तरखान म्हणा, सर्व जागा भरलेल्या असल्या म्हणजे कोणालाच सरकता येत नाही. एक जण उठला की शेजारचा त्या जागी सरकतो, त्याच्या जागी तिसरा; आणि पाहता पाहता रिकामी जागा पंगतीच्या दुसऱ्या टोकाला पोहोचते. बहुवारिकातही अशी रिकामी जागा करावी लागते.

हे कसे करावे, ते एका चुकीतून उमगले. 1967 साली टोकियोत हिदेकी शिराकावा यांच्या प्रयोगशाळेत पॉलिॲसिटिलीन बनविताना उत्प्रेरक हजारपट जास्त पडला. नेहमीच्या काळ्या भुकटीऐवजी चकचकीत पातळ पापुद्रा मिळाला. शिराकावांनी तो फेकला नाही. चूक कोठे झाली ते शोधून काढले आणि तसाच पापुद्रा पुन्हा मुद्दाम बनविला. 1975 साली जपानला आलेले अमेरिकेतील रसायनशास्त्रज्ञ ॲलन मॅक्डायर्मिड यांना तो दाखविण्यात आला. त्यांनी शिराकावांना फिलाडेल्फियास बोलाविले. तेथे ॲलन हीगर या भौतिकशास्त्रज्ञासह त्यांनी त्या पापुद्र्यावर आयोडीनची वाफ सोडली. आयोडीनने साखळीतले काही इलेक्ट्रॉन ओढून घेतले, जागा रिकाम्या झाल्या आणि संवाहकता सुमारे 1 कोटी पटीने वाढली. हे संशोधन 1977 साली प्रसिद्ध झाले व त्यासाठी तिघांना 2000 सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वर्षी मी महाविद्यालयात होतो. बातमी नक्कीच वाचली असेन. पण शाळेत पाठ केलेले वाक्य तिच्याहून बळकट ठरले.

निळीची गोष्ट

पॉलिॲसिटिलीनमध्ये एक दोष आहे. उघड्या हवेत ते लवकर बिघडते. म्हणून संशोधकांचे लक्ष एका जुन्या पदार्थाकडे वळले. त्याचे नाव पॉलिॲनिलीन. ॲनिलीन हे नाव आपल्यास परके नाही. संस्कृतातील ‘नीली’, अरबीतील ‘अन्-नील’, पुढे युरोपात ‘अनिल’ आणि त्यावरून ॲनिलीन. 1826 साली ते प्रथम मिळाले तेही निळीपासूनच. 1862 साली लंडनमध्ये हेन्री लेथबी यांनी ॲनिलीनच्या अम्लयुक्त द्रावणातून वीज सोडली, तेव्हा विद्युत्-अग्रावर निळसर हिरवा थर बसला. पॉलिॲनिलीनची ही सर्वांत जुन्या नोंदींपैकी एक होय. या पदार्थातून वीज वाहू शकते, हे तेव्हा त्यांच्या ध्यानीमनीही नव्हते.

शिक्षकांच्या एका शिबिरात मी हा पदार्थ स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. निळ्या भुकटीची दाबून केलेली वडी मापकाला जोडली, काटा हलेना. मग तीच भुकटी हायड्रोक्लोरिक अम्लात ढवळली. ती हिरवी झाली. वाळवून पुन्हा वडी केली, आणि काटा सरकला. पुढे अमोनियात बुडविताच रंग पुन्हा निळा व काटा पुन्हा जागेवर. येथे अम्ल साखळीतून इलेक्ट्रॉन काढून नेत नाही. ते हायड्रोजनचे आयन साखळीस जोडते, त्यामुळे असलेल्या इलेक्ट्रॉनांचीच मांडणी बदलते व भार हलता होतो. एवढ्याने संवाहकता 100 कोटी पटीच्या घरात वाढते. मापकापुढे उभा असताना मला तो काटा दिसत नव्हता; मी ओढलेली लाल रेघ दिसत होती.

कापराची गोष्ट

आतापर्यंत आपण गुणाकारातली पहिली संख्या, म्हणजे वाहक, वाढविले. दुसरी संख्या चपळाईची. साखळ्या सुताच्या गुंत्यासारख्या पडलेल्या असतील, तर वाहक एका साखळीत धावतो आणि गुंत्यापाशी अडखळतो. एका साखळीवरून दुसरीवर उडी मारणे, हीच खरी अडचण. तेव्हा गुंता सोडविणे, साखळ्या सरळ करणे, जवळजवळ रचणे, हा संवाहकता वाढविण्याचा दुसरा मार्ग. पापुद्रा ताणला की साखळ्या एका दिशेस लागतात आणि त्या दिशेने संवाहकता वाढते.

1990 नंतरच्या वर्षांत हीगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलिॲनिलीनला कापरापासून बनणारे कॅम्फर सल्फॉनिक अम्ल दिले आणि योग्य द्रावक वापरला. साखळ्यांचा गुंता उलगडून त्या लांबट झाल्या. काही सीमेन्स प्रति सेंटिमीटर असलेली संवाहकता शेकड्यांत गेली. सीमेन्स प्रति सेंटिमीटर हे संवाहकतेचे एकक. तांब्याचा आकडा सुमारे 6 लाख आहे, तेव्हा तुलना समजून घ्यावी. पेडॉट नावाच्या बहुवारिकाच्या एका प्रचलित मिश्रणातही असेच घडते. नुसता थर दिला तर 1 सीमेन्सहून कमी. एथिलीन ग्लायकॉलसारखा द्रव मिसळून थर तापविला तर कित्येक शेकडे, आणि तीव्र अम्लाची प्रक्रिया केली तर हजाराच्या वर.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. रिकाम्या जागा करण्यासाठी घातलेले द्रव्य फार झाले तर तेच साखळ्यांच्या रचनेत घुसून ती विसकटते. पहिली संख्या वाढविताना दुसरी घटते. औषधाप्रमाणे येथेही मात्रा पाहावी लागते. आजच्या संशोधनाचा मोठा भाग हे प्रमाण साधण्यातच खर्ची पडतो.

आपल्या शेजारी

वाचकांना वाटेल, हे सारे टोकियो आणि फिलाडेल्फियाचे. तसे नाही. विद्यानगरापासून तार्नाका काही दूर नाही. तेथील भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्था हैदराबाद संस्थानाच्या काळात, 1944 साली सुरू झालेल्या प्रयोगशाळेतून वाढली. 1956 पासून ती केंद्राच्या वैज्ञानिक परिषदेकडे आहे. तेथे डॉ. एस. पलनिअप्पन यांनी पॉलिॲनिलीनवर दीर्घकाळ काम केले आहे. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातही संवाहक बहुवारिकांपासून वायू ओळखणारी साधने बनविण्याचे संशोधन झाले आहे. अमोनियाने काटा मागे येतो हे आपण वर पाहिले, त्याचाच तो उपयोग.

घरातली तांब्याची तार काढून तेथे प्लॅस्टिक बसवावे, असा याचा अर्थ नव्हे. ही बहुवारिके हलकी, लवचीक, शाईसारखी पसरता येणारी आहेत. स्थिर विद्युत् साचू न देणारे थर, वाकणारे विद्युत्-मंडल, प्रकाश देणारे पडदे, वीज साठविणारी साधने, ही त्यांची क्षेत्रे होत.

करून पाहावे

शिसपेन्सिल दोन्ही टोकांना तासा. दोन लहान सेल, तांबडा एलईडी दिवा आणि तार घेऊन मंडल करा व मध्ये पेन्सिलीचे शिसे घाला. दिवा लागतो. शिशाच्या जागी प्लॅस्टिकची पट्टी ठेवा, लागत नाही. पेन्सिलीचे ‘शिसे’ म्हणजे मुख्यतः ग्रॅफाइट, निव्वळ कार्बन. त्यातही कार्बन तीन हातांनी धरून चौथा वाटून घेतो. घरातील विजेच्या खटक्याला मात्र हात लावू नये.

शिबिराहून परतल्यावर मी त्या वर्गात जाऊन फळ्यावर लिहिले, "सर्वच प्लॅस्टिके दुर्वाहक नसतात," आणि हे वाक्य कोणाचे तेही सांगितले. पण ती मुलगी तोवर शाळा सोडून गेली होती. गुणपत्रिकेतला आकडा बदलणे शक्य नव्हते. ती आता कोठे शिकते, मला ठाऊक नाही. कदाचित ही स्मरणिका तिच्याही घरी जाईल. वाचली तर तिने एवढे जाणावे की तो एक गुण तिचा होता. आणि आपल्या मुलांनी पुस्तकाबाहेरचे एखादे वाक्य लिहिले, तर रेघ ओढण्यापूर्वी, ते कोठून आणले, हे त्यांना विचारावे, अशी वडीलधाऱ्यांना व माझ्या शिक्षकबंधूंना विनंती आहे.