भिंतीला सुटणारे पाणी आणि डीह्युमिडिफायरची निवड

हवेत वाफेच्या रूपाने किती पाणी मावेल हे तापमानावर ठरते. ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत साधारण ३० ग्रॅम वाफ मावते. २० अंशांना जेमतेम १७ ग्रॅम. दमट हवा थंड पृष्ठभागाला टेकली की जास्तीची वाफ थेंबांच्या रूपाने तिथेच सुटते. खोलीत २६ अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल, तर २२ अंशांच्या आसपास थंड झालेल्या काचेवर, फरशीवर किंवा पत्र्यावर पाणी दिसू लागते. हे पाणी भिंतीत मुरले की बुरशी धरते. दवाखान्यात येणारी सर्दी, शिंका आणि दम्याची धाप यांचा घराशी संबंध लागतो तो इथे.

असे पाणी कोरड्या पट्ट्यातही सुटते, याचे उदाहरण म्हणजे जळकोट. हे तुळजापूर तालुक्यातले, सोलापूर–हैदराबाद महामार्गावरचे नळदुर्गजवळचे गाव. हा पट्टा कमी पावसाचा. उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी, की ओठ फुटतात. कोकणात कपाटातल्या चामडी चपलांवर जून ते सप्टेंबर पांढरी बुरशी चढते, तसा त्रास इथे सरसकट होत नाही. तरीही जुलै ते ऑक्टोबर या काळात अनेक घरांत पापड सादळतात, भिंतींचे पोपडे निघतात आणि कोपऱ्यांत काळे ठिपके उमटतात. यामागे हवामानाइतकाच घरबांधणीचाही हात आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-धाराशिव भागात दगडमातीच्या जाड भिंतींची माळवदाची घरे मागे पडली आणि पत्र्याची, सिमेंटच्या ब्लॉकची, स्लॅबची घरे वाढली. सुरक्षिततेच्या दृष्टीने ते योग्यच झाले. पण मातीची जाड भिंत ओलावा शोषून सावकाश सोडत असे, पत्रा तसे करत नाही. रात्री आकाश निरभ्र असले की पत्रा बाहेरच्या हवेपेक्षाही थंड होतो आणि आत झोपलेल्यांच्या श्वासातली वाफ त्याच्या खालच्या बाजूला जमून पहाटे अंथरुणावर टपकते. छप्पर गळते म्हणून पत्र्याला डांबर लावणाऱ्याने आधी एवढे पाहावे, की थेंब पाऊस नसलेल्या रात्रीही पडतात का. पडत असतील तर डांबराचा खर्च वाया जाणार.

ओल कुठून येते हे ठरवल्याशिवाय डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला ओलावा काढणारे यंत्र, घेऊ नये. जमिनीतून चढणारी ओल भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटांत दिसते आणि तिथे पांढरा लोणा फुटतो. स्लॅब किंवा नळ गळत असेल तर डाग एका जागी असतो आणि पावसानंतर पसरतो. हवेतली वाफ साचून झालेली ओल मात्र खोलीच्या वरच्या कोपऱ्यांत, कपाटामागे, खिडकीच्या काचेवर, म्हणजे हवा न खेळणाऱ्या किंवा थंड जागी असते. शंका असेल तर ओल्या भागावर वीतभर ॲल्युमिनियमची फॉइल चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट बसवून दोन दिवस ठेवावी. फॉइलच्या खोलीकडच्या बाजूला थेंब आले तर दोष हवेतल्या वाफेचा. भिंतीकडच्या बाजूला आले तर पाणी भिंतीतून येते आहे. दुसऱ्या प्रकारात गवंडी बोलवावा. गळक्या भिंतीसमोर डीह्युमिडिफायर लावणे म्हणजे फुटक्या रांजणातले पाणी वाटीने उपसणे.

वाफेचा मोठा वाटा घरातच तयार होतो. एक किलो स्वयंपाकाचा गॅस जळला की सुमारे दीड लिटर पाणी वाफ होऊन हवेत मिसळते, १४.२ किलोच्या एका सिलिंडरमागे हा आकडा वीस लिटरांच्या पुढे जातो. त्यात डाळ-भाताची वाफ, न्हाणीतले गरम पाणी आणि पावसाळ्यात घरातच दोरीवर वाळत घातलेले कपडे. काढणीनंतर भाव येईपर्यंत घरात रचलेली सोयाबीनची पोतीही ओलावा सोडतात. बाजारात १२ टक्क्यांहून जास्त ओलाव्याच्या सोयाबीनचा भाव कापला जातो, त्यामुळे शेतकरी या ओलाव्याकडे मालाचा दोष म्हणून पाहतो. त्याच खोलीत दम्याचे मूल झोपत असेल तर तो आरोग्याचाही प्रश्न असतो. पोती फळ्यांवर आणि भिंतीपासून हातभर दूर ठेवावीत. झोपण्याच्या खोलीत ती नसावीतच, आणि बुरशी धरलेला कडबा तर घराला लागूनही नसावा. असा कडबा झाडताना उडणाऱ्या धुळीने काही जणांच्या फुप्फुसांना सूज येते. काही तासांनी ताप, कोरडा खोकला आणि धाप सुरू होते आणि हे दुखणे न्यूमोनिया समजले जाते.

या भागातले आणखी एक कारण म्हणजे कूलर. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत कूलर उत्तम काम करतो, कारण तो पाणी हवेत मिसळूनच गारवा देतो. मृग बरसल्यानंतरही तो सुरू ठेवला की गारवा कमी आणि ओल जास्त मिळते. कूलर आणि डीह्युमिडिफायर यांची कामे परस्परविरुद्ध आहेत. एका खोलीत दोन्ही चालवणे म्हणजे विजेचा निव्वळ अपव्यय. पाऊस लागला की कूलरची टाकी रिकामी करून, घासून, वाळवून ठेवावी. डेंग्यूचे डासही अशाच साचलेल्या पाण्यात वाढतात.

आर्द्रता डोळ्यांनी किंवा अंगाच्या चिकचिकीने मोजता येत नाही. काहीशे रुपयांना मिळणारा हायग्रोमीटर ही पहिली खरेदी असावी. झोपण्याच्या खोलीत, खिडकी आणि चुलीपासून दूर तो ठेवून आठवडाभर सकाळ-संध्याकाळ आकडा टिपावा. घरातली आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान असणे आरोग्याला मानवते. गोधडी, वाकळ आणि गाद्यांतले धुळीचे सूक्ष्म किडे हवेतल्या ओलाव्यावरच जगतात. आर्द्रता ५० टक्क्यांखाली टिकली तर त्यांची वाढ खुंटते. ७० टक्क्यांच्या वर आकडा दिवसेंदिवस राहिला तर बुरशीला आमंत्रण मिळते. हिवाळ्यात आकडा चढला तर खिडक्या उघडणे हाच उपाय, कारण तेव्हा बाहेरची हवा कोरडी असते. भर पावसात मात्र बाहेरची हवाच दमट असते, त्यामुळे दिवसभर खिडक्या उघड्या ठेवून खोली कोरडी होत नाही. उघडीप मिळाली, ऊन पडले, की दुपारी तास-दोन तास दारे-खिडक्या उघडाव्यात. स्वयंपाकघरात आणि न्हाणीत बाहेर हवा फेकणारा पंखा बसवावा. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढावे. जळकोटसारख्या गावातल्या बहुतेक घरांचे काम एवढ्यावर भागते.

एवढे करूनही झोपण्याच्या खोलीतली आर्द्रता पावसाळाभर ७० टक्क्यांच्या वर राहत असेल आणि घरात दमा, ॲलर्जीची सर्दी किंवा फुप्फुसाचा जुना आजार असलेले कोणी असेल, तर डीह्युमिडिफायर उपयोगी पडतो. पुणे-मुंबईत नोकरीसाठी गेलेल्या कुटुंबांच्या बंदिस्त फ्लॅटमध्ये त्याची गरज गावापेक्षा जास्त भासते.

बाजारात मुख्यतः दोन प्रकार मिळतात. कॉम्प्रेसरच्या यंत्रात पंखा हवा आत ओढतो, ती थंड नळ्यांवरून जाते, पाणी टाकीत गळते आणि हवा गरम नळ्यांवरून किंचित तापून बाहेर पडते. दुसऱ्या प्रकारात ओलावा शोषणारे चाक असते आणि ते हीटरने वाळवले जाते. हा प्रकार थंड प्रदेशात चांगला, पण वीज जास्त खातो. मराठवाड्याच्या पावसाळी उष्म्यात कॉम्प्रेसरचेच यंत्र घ्यावे. हातात मावणारी छोटी इलेक्ट्रॉनिक यंत्रे दिवसाला पेलाभर पाणी काढतात. ती कपाटापुरती ठीक, खोलीसाठी निरुपयोगी. खोलीत एसी असेल तर आधी त्याचा ‘ड्राय’ मोड वापरून पाहावा.

खोक्यावर लिहिलेले ‘दिवसाला अमुक लिटर’ हे आकडे बहुधा ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला मोजलेले असतात. प्रत्यक्षात हवा कोरडी होत जाते तसे पाणी कमी निघते. बारा बाय बाराच्या खोलीला दहा-बारा लिटर क्षमतेचे यंत्र साधारणपणे पुरते. अशा खोलीतल्या हवेत, ती पूर्ण भिजलेली असली तरी, लिटर-सव्वा लिटरच पाणी असते. म्हणून दारे लावूनही टाकी रोज भरत असेल तर ते पाणी भिंतीतून, कपड्यांतून किंवा फटींतून येते आहे असे समजावे आणि कारणाचा शोध घ्यावा.

क्षमतेइतकेच बाकीच्या गोष्टींकडेही लक्ष द्यावे. यंत्रावर हव्या त्या टक्केवारीला आपोआप थांबण्याची सोय हवी आणि ती ५० ते ५५ टक्क्यांवर लावावी. त्याहून खाली नेल्यास बिल वाढते, आणि ४० टक्क्यांच्याही खाली गेल्यास नाक-घसा कोरडा पडतो. टाकी भरल्यावर यंत्र बंद पडायला हवे. नळी जोडून पाणी मोरीत सोडता आले तर उत्तम. वीज वारंवार जाते तिथे वीज आल्यावर स्वतःहून चालू होणारे यंत्र निवडावे, नाही तर मध्यरात्री बंद पडलेले यंत्र सकाळीच लक्षात येते. २५० वॅटचे यंत्र आठ तास चालले तर सुमारे दोन युनिट वीज जाते. हे यंत्र खोली गार करत नाही, उलट एक-दोन अंश तापवते. हे माहीत नसलेले ग्राहक पहिल्याच रात्री नाराज होतात. आवाजही होतो, म्हणून संध्याकाळी खोली बंद करून ते चालवावे आणि झोपताना कमी वेगावर ठेवावे. टाकीतले पाणी रोज ओतून द्यावे. ते पिण्याचे नव्हे. जाळी दर पंधरा दिवसांनी धुवावी, नाही तर यंत्रच बुरशीचे घर बनते. ओल घालवण्यासाठी बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवणे मात्र जिवावर बेतू शकते, कारण तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो.

आधीच धरलेली बुरशी यंत्राने जात नाही. ती साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने, तोंडाला मास्क लावून पुसावी. कोरड्या कुंच्याने झाडू नये, बीजाणू खोलीभर उडतात. हे काम दमेकऱ्याने करू नये. जुन्या क्षयरोगाने फुप्फुसात पोकळी राहिली असेल तर त्या पोकळीत बुरशी वाढून थुंकीतून रक्त पडू शकते, म्हणून अशा रुग्णाला ओल्या खोलीत झोपवू नये.

खोली कोरडी झाली म्हणून दम्याचा पंप स्वतःच्या मनाने बंद करू नये. पावसाळ्यात शिंका, छातीतली घरघर आणि पहाटेचा खोकला वाढत असेल तर डॉक्टरांना घरातल्या ओलीबद्दल आवर्जून सांगावे. आणि खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर भिंतीला दोष देत न बसता थुंकीची तपासणी करून घ्यावी; सरकारी दवाखान्यात ती मोफत होते.