चांगदेव नामाचे तीन पुरुष

नामसादृश्याने चरित्रांचा संकर होतो. म्हणून अभ्यासकांनी पुढील भेद ध्यानी धरावा.

पहिले श्रीचांगदेव राऊळ, म्हणजेच पंचकृष्णांतील श्रीचक्रपाणी प्रभू. अवतार फलटणास, पुढे द्वारावतीस सूप-खराटा घेऊन त्यांनी रस्ते झाडिले. श्रीगोविंदप्रभूंनी शक्तिस्वीकार केला तो यांच्यापासूनच.

दुसरे योगी चांगदेव वटेश्वर. ज्ञानदेवांच्या ६५ ओव्या यांनाच उद्देशून आहेत. यांचा ‘तत्त्वसार’ शके १२३४ (इ. स. १३१२) मधील, म्हणजे श्रीचक्रधरस्वामींच्या उत्तरापंथगमनानंतरचा. श्रीचक्रपाणी तर स्वामींच्याही पूर्वीचे. सबब हे दोघे एक नव्हेत.

तिसरे भास्कराचार्यांचे नातू, सिंघण यादवाचे ज्योतिषी. चाळीसगावानजीक पाटण येथे ‘सिद्धान्तशिरोमणि’ आदी ग्रंथांच्या अध्ययनार्थ यांनी मठ स्थापिला. तेथील शिलालेखात शके ११२८ चा निर्देश आहे. येथे केवळ काळ पाहून निर्णय होत नाही. कुळ, स्थान व कार्य पाहावे लागते.

स्मरणात नामासवे लीळा, मूर्ती व चेष्टाही सांगितल्या आहेत. नाम एकाचे घेतले आणि लीळा दुसऱ्याची आठविली, तर ते स्मरण कोणाचे झाले, याचा साधकाने व वासनिकाने विचार करावा.