ओळख आणि वशिला

"आपली कुठंच ओळख नाही, आपल्याला कोण नोकरी देणार?" हॉस्टेलच्या गॅलरीत रात्री अकरानंतर हा विषय हमखास निघतो. मीही परभणी जिल्ह्यातल्या खेड्यातला, घरातला पहिलाच इंजिनिअर होणार. त्यामुळे हे वाक्य मीही खूपदा म्हटलंय.

पण मध्यंतरी मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाच्या १९७३ च्या निबंधाबद्दल वाचलं. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्याने विचारले, नोकरीची बातमी देणारा माणूस तेव्हा कितीदा भेटायचा? वारंवार, असे सांगणारे सुमारे १७ टक्के, अधूनमधून ५६ आणि क्वचित २८. कारण सोपे आहे. रूममेटला जे ठाऊक, तेच आपल्याला ठाऊक. नवी बातमी बाहेरूनच येते.

आपल्याकडचेच उदाहरण घ्या. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या एका मुलाची केळुसकर गुरुजींशी ओळख झाली. ना नातं, ना जात एक. तो मॅट्रिक झाल्यावर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याला भेट दिलं. पुढे त्यांच्याच प्रयत्नाने सयाजीराव गायकवाडांकडून दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१३ मध्ये बडोद्याच्याच मदतीने तो मुलगा कोलंबिया विद्यापीठात गेला. ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

याला वशिला म्हणायचं का? मुळीच नाही. वशिला नालायकाला खुर्ची देतो. गुरुजींनी फक्त लायकी योग्य माणसाच्या नजरेस आणली. बागेतला अभ्यास त्या मुलाचा स्वतःचाच होता.

मग जवळची नाती बिनकामाची? तसंही नाही. आपल्या गंगाखेडची जनाबाई पंढरपुरात नामदेवांच्या घरी राबली आणि त्याच घराच्या सहवासात अभंग रचू लागली. जवळची माणसं धीर देतात, दूरची वाट दाखवतात.

आता माझी चूक सांगतो. तालुक्यातल्या एका सीनिअरचा पुण्याचा नंबर सहा महिने वहीत पडून होता. काय म्हणेल, या संकोचाने फोन केला नाही. शेवटी केला, तर तो म्हणाला, "अरे, मागच्याच महिन्यात आमच्याकडे ट्रेनी घेतले. आधी का नाही बोललास?"

तर मित्रांनो, ओळख नाही असं म्हणण्याआधी आपली वही एकदा चाळा. आणि उद्या आपण नोकरीला लागलो की ज्युनिअरचा फोन उचलायला विसरू नका.