शब्द टाकण्याआधी

पाटी लागली, पहिली काही रिटर्न भरून झाली, की क्लायंट तुला करापलीकडचंही विचारू लागतात. "ताई, एखादा चांगला वकील सांगा ना." "ओळखीत आर्किटेक्ट आहे का?" "वेबसाइट कोण करून देईल?" सीएला सगळं ठाऊक असतं अशी आपल्याकडे समजूत आहे, आणि ती मोडायचं काही कारण नाही. पण नाव सांगताना एक लक्षात ठेव. क्लायंट त्या वकिलाच्या भरवशावर जात नाही, तुझ्या भरवशावर जातो. उद्या घोळ झाला तर वकिलाचं नाव तो विसरेल, "ताईंनी पाठवलं होतं" हे विसरणार नाही.

आमच्या वेळी ज्याचं नाव सुचवायचं त्याला कोर्टाच्या आवारात, बँकेत, लग्नाकार्यात पाहिलेलं असायचं. त्याची उधारी कुठे थकली आहे हेसुद्धा गावाला माहीत असायचं. तुझ्या ओळखी झूमवर, लिंक्डइनवर, व्हॉट्सॲप ग्रुपवर होतात. त्यात वावगं काही नाही. नाशिकला बसून नागपूरचा नि मस्कतचा माणूस जोडता येतो, हे आम्हाला कुठलं मिळायला! फक्त गाव जी पारख आपसूक करून द्यायचं, ती आता तुझी तुला करावी लागेल.

नोंदणी क्रमांक मागायला लाजू नकोस

ज्या व्यवसायाची कायद्याने नोंदणी होते, तिथे बोलणं वाढवण्याआधी क्रमांक मागायचा. खरा माणूस त्याचा राग मानत नाही.

वकील असेल तर बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाची सनद विचार. शिवाय ई-कोर्ट्सवर वकिलाच्या नावानेही खटले शोधता येतात. हा माणूस कोणत्या कोर्टात आणि कसल्या दाव्यांत उभा राहतो, ते तिथे कळतं. वाटपाच्या दाव्यासाठी सुचवायचा वकील चेक बाउन्सच्याच केसेस चालवत असेल, तर तो वाईट नाही, पण तुझ्या क्लायंटच्या कामाचा नाही. एका नावाचे दोघे-तिघे असू शकतात, तेव्हा घाईने निष्कर्ष काढू नकोस. आणि फक्त दस्त नि टायटल सर्च करणारा चांगला वकील तिथे फारसा दिसणारच नाही, हेही ध्यानात घे.

आर्किटेक्टची नोंदणी 1972 च्या कायद्याप्रमाणे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे असते. इंटिरिअर डिझायनरला तशी सक्ती नाही, तिथे केलेलं कामच जाऊन बघायचं. जागेच्या एजंटाकडे महारेराचा क्रमांक हवा. 2023 साली महारेराने एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षाही सक्तीची केली, त्यामुळे त्याचं प्रमाणपत्र मागायलाही हरकत नाही.

पैसे कुठे गुंतवायचे हे सांगणाऱ्याच्या बाबतीत जरा थांब. 'आयएनए'ने सुरू होणारा सेबीचा क्रमांक असलेला सल्लागार क्लायंटकडून फी घेतो. 'एआरएन' क्रमांकाचा म्युच्युअल फंड वितरक फंड कंपनीकडून कमिशन घेतो. दोन्ही कायदेशीर आहेत, पण कोण कुणाच्या पैशावर चालतो हे क्लायंटला सांगणं तुझं काम. आणि यातलं काहीच नसताना जो टेलिग्रामवर शेअरच्या टिप्स वाटतो, त्याचं नाव घेऊच नकोस.

आपल्याच धंद्यातल्या माणसालाही सूट नाही. परगावच्या सीएकडे काम द्यायचं असेल तर त्याच्याकडे सर्टिफिकेट ऑफ प्रॅक्टिस आहे ना, ते बघ. नोकरी करणाराही इन्स्टिट्यूटचा सदस्य असतोच.

जीएसटी क्रमांक वाचायला शीक

वेबसाइट करणारा, डिजिटल मार्केटिंगवाला, इव्हेंटवाला यांची कुठे नोंदणी नसते. तिथे आपल्या हातात जीएसटी क्रमांक आहे. पोर्टलवर तो टाकला की कायदेशीर नाव, नोंदणीची तारीख, नोंदणी चालू आहे की रद्द, आणि रिटर्न वेळेवर जातात का, एवढं फुकट दिसतं.

पण पोर्टल उघडायच्या आधी नुसता क्रमांकच वाच. पंधरा अक्षरं असतात. पहिले दोन अंक राज्याचे: महाराष्ट्राचे 27, गोव्याचे 30. पुढची दहा म्हणजे पॅन. पॅनचं चौथं अक्षर, म्हणजे जीएसटी क्रमांकातलं सहावं, 'पी' असेल तर ती एकट्या माणसाची मालकी, 'एफ' असेल तर भागीदारी, 'सी' असेल तर कंपनी. प्रोफाइलवर "आमची कंपनी, आमची टीम, आमचे डायरेक्टर" आणि क्रमांकात 'पी', असं दिसलं की समजायचं: नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. एकट्याने धंदा करणं हा गुन्हा नाही. कंपनी असल्याचं सोंग आणणं वाईट, कारण जो याबद्दल खोटं बोलतो तो कामाच्या तारखेबद्दलही बोलेल.

सेवा देणाऱ्याची उलाढाल वर्षाला 20 लाखांच्या आत असेल तर सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही, हे तुला मी सांगायला नको. नंबर नाही म्हणून नव्या पोराला उडवून लावू नकोस.

कौतुक वाचताना तारखा बघ

लिंक्डइनवरच्या शिफारशींखाली तारीख असते. याने त्याचं आणि त्याने याचं कौतुक एकाच आठवड्यात केलेलं असेल, तर तो अहेर-परतअहेर आहे. नावाशेजारची पडताळणीची खूण माणूस तोच आहे एवढंच सांगते, त्याला काम येतं का हे सांगत नाही.

नेटवर्किंगच्या क्लबांचंही तसंच. बीएनआयसारख्या संस्थेत एका गटात एका व्यवसायाचा एकच सदस्य घेतात आणि सदस्यांनी एकमेकांना कामं मिळवून द्यावीत अशी अपेक्षा असते. पद्धत चांगली आहे, अनेकांचे धंदे त्यावर उभे राहिले. पण गटातला एकमेव आर्किटेक्ट म्हणजे गावातला योग्य आर्किटेक्ट नव्हे. शेजारच्या खुर्चीत बसतो म्हणून नाव सुचवायचं नाही. दर बैठकीला काहीतरी रेफरल दिलाच पाहिजे असं वाटायला लागलं, तर स्वतःचं काम दे, क्लायंटला पुढे करू नकोस.

उत्तर माहीत असलेला प्रश्न विचार

मस्कतला असलेल्या एखाद्या क्लायंटला पुण्याचा फ्लॅट विकायचाय. ग्रुपवर विचारलंस की पाच मिनिटांत पाच वकिलांची नावं येतील. प्रत्येकाला सहज विचार: "परदेशात केलेलं कुलमुखत्यारपत्र इथे आल्यावर स्टॅम्प ड्यूटी किती दिवसांत भरायची?" हे काम रोज करणारा "तीन महिन्यांत" म्हणेल आणि पुढे दोन सावधगिरीच्या गोष्टी स्वतःहून सांगेल. दुसरा म्हणेल, "ते आपण बघून घेऊ, तुम्ही पाठवा तर खरं." एजंटाला विचार, "टीडीएस किती कापायचा?" भारतात राहणाऱ्याने 50 लाखांची किंवा त्यावरची जागा विकली तर एक टक्का. विकणारा अनिवासी असेल तर तो एक टक्का चालत नाही, रक्कम बरीच मोठी होते. जो डोळे मिटून "एक टक्का" म्हणतो, त्याच्या हाती हा व्यवहार सोपवू नकोस.

आणखी एक प्रश्न सगळ्यांना चालतो: "कोणतं काम तुम्ही घेत नाही?" जाणकार लगेच दोन कामं सांगतो. "सगळं करतो हो आपण" म्हणणाऱ्यापासून चार हात लांब राहा.

जुन्या क्लायंटला नेमकं विचार

"माणूस कसा आहे?" असं विचारलंस तर "चांगला आहे" हेच उत्तर येणार. कुणाविषयी वाईट बोलायचा आपल्याकडे संकोच असतो. त्यापेक्षा असं विचार: बिल ठरलं तेवढंच आलं का? मूळ कागद परत मिळाले का? काम अडलं तेव्हा फोन उचलत होते का? प्रत्यक्ष काम कुणी केलं, त्यांनी की हाताखालच्या मुलाने? वेबसाइटवाला असेल तर डोमेन कुणाच्या नावावर घेतलंय, हे आवर्जून विचार. क्लायंटच्या दुकानाचं डोमेन स्वतःच्या नावावर घेऊन ठेवणारे महाभाग या धंद्यात पुष्कळ आहेत. भांडण झालं की दुकानाची पाटीच त्यांच्या ताब्यात.

आधी आपलं काम दे

शितावरून भाताची परीक्षा होते. वकिलाकडून तुझ्या ऑफिसचा भाडेकरार करून घे, डिझायनरकडून व्हिजिटिंग कार्ड. पैसे पूर्ण दे, सवलत मागू नकोस. सवलतीत केलेल्या कामावरून माणूस कळत नाही. वेळ पाळतो का, चूक दाखवल्यावर चिडतो की सुधारतो, बिल व्यवस्थित देतो का, हे एवढ्याशा कामातही दिसतं.

कमिशनला हात लावू नकोस

"ताई, तुमचं दहा टक्के बाजूला काढून ठेवतो." हा निरोप कधीतरी येणारच. आपल्याला 1949 च्या कायद्याने, आणि वकिलांना त्यांच्या नियमांनी, फी व्यवसायाबाहेरच्या माणसाशी वाटून घेता येत नाही. डॉक्टरांनाही रुग्ण पाठवण्याचं कमिशन निषिद्ध आहे. पण कायदा बाजूला ठेव. एकदा पैसे घेतलेस की तो माणूस वाईट निघाल्यावर क्लायंटला सावध करायची तोंडाची ताकद जाते. जो असा निरोप पाठवतो, त्याचं नाव त्याच दिवशी यादीतून काढ. तो ते दहा टक्के तुझ्या क्लायंटच्याच बिलात चढवणार असतो.

शब्द मोजून टाक

नाव सांगताना तुझी ओळख किती खोल आहे तेही सांग. याच्या तीन पायऱ्या कर. "नाव ऐकून आहे, नोंदणी तपासली आहे, काम पाहिलेलं नाही." "यांचं काम पाहिलंय." "माझं स्वतःचं काम यांच्याकडे असतं." तिसरी पायरी सगळ्यांना वापरायची नाही. शक्यतो दोन नावं दे आणि निवड क्लायंटवर सोड. फी, मुदत, कामाची व्याप्ती त्यांनी आपसात लेखी ठरवावी, त्यात तू पडू नकोस.

क्लायंटचा नंबर परस्पर पाठवायचा नाही. आधी त्याला विचार. आणि त्याचे ताळेबंद, रिटर्न, बँकेची स्टेटमेंट तर त्याच्या परवानगीशिवाय अजिबात नाही. तो आपल्या धंद्यात गैरवर्तनाचा मामला होतो.

पाठवून मोकळी होऊ नकोस

महिन्याभराने क्लायंटला फोन करून विचार, "काम कुठवर आलं?" एक वही कर: कुणाला, कुणाकडे, कशासाठी पाठवलं, काय झालं. दोनदा तक्रार आली तर नाव खोड आणि त्या माणसाला कारणही सांग. नोंदणी वर्षातून एकदा पुन्हा तपास. मागच्या वर्षी चालू असलेला परवाना यंदा रद्द झालेला असू शकतो.

एवढं करून एखाद्या कामासाठी खात्रीचं नाव मिळालं नाही, तर सरळ सांग, "माझ्या ओळखीत कुणी नाही." ग्रुपवरची मंडळी नाराज होतील, "आपल्या माणसाचं नाव का नाही घेतलं?" म्हणतील. म्हणू देत. भीड ही भिकेची बहीण. नाव सुचवलं नाही म्हणून क्लायंट तुला सोडून जाणार नाही. भिडेपोटी सुचवलेल्या माणसामुळे मात्र तो जाईल, आणि जाताना चार जणांना सांगून जाईल.